आघात पहिल्या अक्षरावर

ओस्लाउगने गळ्यातले मदतीचे लाल बटण दाबले आणि अंगठा वर उचललाच नाही.

“आई, मी आहे. योरून.” दारातल्या बाईने पुन्हा सांगितले.

“योरून असं बोलत नाही.”

“आई, ऐक तरी...”

“तिथंच थांबा. एक पाऊल पुढे यायचं नाही. बँकेतली मुलगी मागच्याच आठवड्यात येऊन सगळ्यांना बजावून गेली आहे. मुलीचं नाव सांगतात, नातीचं नाव सांगतात आणि हळूच कार्डाचा नंबर विचारतात. माझ्याकडून काही मिळायचं नाही.”

म्हातारीने तोंड दाराकडे वळवले होते, पण थोडे तिरपे. सहा वर्षांपासून तिच्या नजरेचा मधला भाग विझला होता; कडेने तेवढा धुरकट उजेड दिसे. माणसे ती आवाजावरून ओळखायची आणि त्यात सहसा चुकत नसे. चाळीस वर्षे गावच्या शाळेत पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवलेले कान होते ते.

योरून ओल्या जाकिटातच उभी राहिली. ती सत्तावन्न वर्षांची होती आणि या खोलीपासून चौदा किलोमीटरवर जन्मली होती. फेरीबोटीत तिने ते एवढेसे वाक्य चाळीस वेळा घोकले होते. त्यातला एकही शब्द चुकला नव्हता.

व्हरांड्यातून रबरी चपलांचा आवाज आला. वृद्धाश्रमातली मदतनीस सेलाम आत शिरली.

“काय झालं, बाई?”

गावातले सगळेच ओस्लाउगला बाई म्हणत. तिच्या हाताखाली शिकून आजोबा झालेलेही.

“ही म्हणते, ही माझी मुलगी आहे.”

सेलामने योरूनकडे पाहिले. ती तिला ओळखत होती. दर दुसऱ्या रविवारी वीस मिनिटांसाठी येणारी, गाडीची किल्ली हातातून खाली न ठेवणारी मुलगी. फेब्रुवारीत इस्पितळातून आलेला फोनही सेलामनेच घेतला होता आणि बाईंना दोनदा समजावून सांगितला होता. दोन्ही वेळा बाईंना ती सबब वाटली होती.

“खरंच योरून आहे, बाई. आजारी होती ना ती, मी सांगितलं होतं.”

“म्हणजे तुम्हालाही गंडवलं हिनं. कॉफी पाजा आणि पाठवून द्या. कुठल्या कुठून आली आहे, एवढ्या पावसात. बिचारी.”

स्वयंपाकघरात सेलामने कपात कॉफी ओतली, वॅफलवर तपकिरी चीजचे दोन काप ठेवले आणि बशी पुढे सरकवली. ती इरिट्रियाहून आली होती त्याला बारा वर्षे झाली होती. तिच्या बोलण्याला या किनाऱ्याचा हेल इतका चढला होता की डोळे मिटून ऐकले तर ती शेजारच्या वाडीवरची वाटावी.

“मला बारा वर्षं लागली इथल्यासारखं बोलायला,” ती म्हणाली. “तू एका दिवसात परदेशी झालीस. कसं जमवलंस गं?”

योरून हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग तिने वॅफल तसाच ठेवला, उठून खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली.

“फेरीबोट किती वाजता?” तिने विचारले. तेही अशा उच्चारात की समजायला सेलामला क्षणभर लागला.

“आत्ताची गेली. आता अडीच तासांनी.”

पूर्वी असे कधी झाले नव्हते. पूर्वी ती गाडी घेऊन यायची आणि त्याच फेरीबोटीने परत जायची. आता डॉक्टरांनी वर्षभर गाडी चालवायला बंदी केली होती. 

फेब्रुवारीत भांडी घासता घासता तिच्या हातातून कप निसटला होता. डाव्या मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी. उजवा हात तीन दिवसांत परत आला, शब्द आठवड्यात परत आले. सगळे जण म्हणाले, सुटलीस. पण बोलायला लागली तेव्हा तिच्या तोंडून निघणारे बोलणे तिचे नव्हते.

वाचा-उपचार करणाऱ्या विग्दिसने तिला कागदावर समजावले होते. आपल्या भाषेत शब्दाला शब्द जोडत न्यायचे. चार जोडा, सहा जोडा, जोर बहुतेक वेळा पहिल्या अक्षरावर बसतो. पुढच्या जोडाच्या सुरुवातीला थोडा कमी, बाकीची अक्षरे नुसती बरोबर चालतात. आपण हे शिकत नाही, आईच्या मांडीवर ऐकतो. गुठळीने शब्द सगळे ठेवले होते, फक्त हा जोर नेला होता आणि त्याच्याबरोबर बोलण्याची चाल. विग्दिस लांब शब्द लिहायची, पेन्सिलीने त्यात उभ्या रेघा मारायची आणि म्हणायची, “तुकडा पाड, योरून. घाई नको.” योरून घाईच करायची. तुकडे तिला दिसायचे, पण प्रत्येक तुकडा सारख्याच वजनाने आपटायचा, नाहीतर सगळा भार शेवटच्यावर जाऊन पडायचा.

फेरीबोटीवरच्या कॉफीच्या टपरीतली मुलगी तिला इंग्रजीत उत्तर द्यायची. वीस वर्षे तिला बटाटे विकणारा शेजारी तिच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलायला लागला होता. बसकंपनीच्या ज्या नियंत्रणकक्षात तिच्या आवाजावर बत्तीस चालक रस्ते बदलत, तिथल्या साहेबाने, तोरगेयरने, फार प्रेमाने सांगितले होते, “तू वेळापत्रकं बघ ना सध्या. माइक नको. पोरं गोंधळतात गं.”

हे सगळे तिने सहन केले होते. पण आजचे बटण तिच्या कानात वाजतच राहिले.

पुढच्या बुधवारी ती पुन्हा आली. सेलामने तिला व्हरांड्यातच अडवले.

“आत जा, पण मुलगी म्हणून जाऊ नकोस. आधी बसायला तरी मिळू दे.”

“मग कोण म्हणून जाऊ?”

“कोणी म्हणून नाही. बाईंना पेपर ऐकायचा असतो, आम्हाला वेळ नसतो. पेपर उचल आणि वाच.”

“माझ्याच आईशी खोटं बोलू?”

“मग खरं बोल,” सेलाम म्हणाली, “आणि मी बटण वाजायची वाट बघते.”

योरूनने पेपर उचलला.

ओस्लाउग खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. गुडघ्यांवर लोकरीचे पांघरूण. “कोण?” तिने विचारले.

“पेपर वाचायला,” योरून म्हणाली.

“अच्छा. मागच्या वेळची ती.” ओस्लाउगचा हात गळ्यातल्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. “आज मुलगी नाहीस ना कोणाची?”

योरूनने मान हलवली. मग आठवले की आईला ते दिसत नाही. “नाही,” ती म्हणाली.

“बस मग. नाव काय?”

यासाठी ती तयार नव्हती. तिने आपलेच नाव सांगितले. पण पहिले अक्षर घशातच राहिले आणि सगळा भार दुसऱ्यावर पडला.

“रूना?” ओस्लाउग म्हणाली. “बरं. आमच्याकडेही असतं हे नाव. वाच.”

योरूनने दुरुस्त केले नाही. पेपर उघडला. पहिल्याच पानावर फेरीबोटींच्या नव्या मार्गाच्या पाहणीबद्दल बातमी होती आणि मथळ्यात ती सगळी पाहणी एका शब्दात कोंबलेली होती. फेर्येसाम्बान्सउतरेद्निंग. ती त्यात शिरली आणि तिसऱ्या तुकड्याला अडखळून शेवटावर पडली.

“थांब.”

योरून थांबली.

“तू शब्द वाचते आहेस की पाव कापते आहेस? सगळे काप सारखे! पुन्हा.”

तिने पुन्हा वाचले. आणखी वाईट.

“हात दे,” ओस्लाउग म्हणाली.

तिने योरूनचा उजवा हात ओढून पांघरुणावर पालथा ठेवला आणि त्यावर आपली बोटे ठेवली. आईने आपला हात शेवटचा कधी धरला होता, हे योरूनला आठवेना. पहिल्या तुकड्याला ओस्लाउगने पूर्ण तळवा दाबला. मग दोन बोटे. पुन्हा जरा जड. मग नुसते टोक.

“पोरांना सहलीला नेताना दोरी धरायला लावायचो आम्ही,” ती म्हणाली. “सगळ्यांनी एकच दोरी धरायची. सगळ्यात दांडगा पोरगा पुढे, तो ओढणार. मधे एखादा मोठा, तो सांभाळणार. बाकीच्यांनी काय करायचं? नुसतं चालायचं. तुझ्या दोरीला तर सगळेच ओढतात. म्हणून हलत नाही ती. पुन्हा.”

त्या दिवशी अडीच तासांत पेपरचे अर्धे पान झाले. बोटीत बसल्यावर योरूनच्या लक्षात आले की आपण एकदाही घड्याळ पाहिले नाही. मग लगेच पाहिले आणि पाय हलवायला लागली.

दर बुधवारी तीन वाजता ती येऊ लागली. विग्दिसकडे ती मंगळवारी जायची आणि तिथे अर्ध्या तासात दोनदा उठून उभी राहायची. इथेही तिचा गुडघा हलायचा, खुर्ची करकरायची.

“उंदीर लागला आहे का खुर्चीला?” ओस्लाउग विचारायची. “बूड टेकव. बोलणं बुडापासून सुरू होतं.”

मे महिन्यात एकदा चार वाजताच्या जेवणात मांसाचे गोळे आणि वर तांबड्या बोरांचा मुरंबा आला. ओस्लाउगने चमचा खाली ठेवला. “याला काय म्हणतात?”

“तित्-ते-बॅर-सिल्-ते-तॉय,” योरून म्हणाली. सहा पायऱ्या, सहा धपके.

“हा मुरंबा असा बोलला तर कोणी खाईल का?”

पलीकडे ताट उचलणारी सेलाम खुसखुसली. “बाई, मला हा शब्द यायला दोन हिवाळे लागले.”

“तुला रडू तरी येत होतं. हिला नुसता राग येतो. ऐक गं, रूना. तित्ते, जोर. सिल्ते, अर्धा. बाकी सोडून दे. सोडायला शिक.”

सोडायला शिक. योरून बोटीवर, बसमध्ये, आंघोळ करताना तेच करत राहिली. मांडीवर तळवा, दोन बोटे, टोक. बसमधली एक बाई तिच्या शेजारून उठून दुसरीकडे जाऊन बसली.

जूनच्या अखेरीला तिला पहिल्या अक्षरावरचा जोर बऱ्यापैकी साधला आणि ती सगळ्याच शब्दांना तो लावत सुटली. त्या बुधवारी पेपरात ‘तोलमूदिहेत’ हा शब्द आला. तिने पहिल्याच अक्षरावर जोरात उडी मारली.

ओस्लाउग मोठ्याने हसली. तिला असे हसताना योरूनने लहानपणी ऐकले असेल, नसेल.

“चुकलीस! हा दोरीतला नाही, हा वेगळा आहे. हा आधी थांबतो. एक पाऊल थांबतो आणि मग पडतो. तोल-मू-दिहेत. अर्थ ठाऊक आहे ना?”

“धीर.”

“हो. माझ्या मुलीला तो कधी आला नाही. शब्द यायचा हं. ती चीज यायची नाही.”

योरूनचा गुडघा थांबला.

“तुला आहे मुलगी?” तिने विचारले. मग घाईने, “तुम्हाला, बाई?”

“आहे की. पलीकडच्या काठावर असते. बसगाड्यांच्या ऑफिसात. फार हुशार.” ओस्लाउगने पांघरुणाची कड सारखी केली. “येते ती. यायची. दारातून आत येतानाच निघायला लागायची. बोलायची अशी की वाक्याचं शेपूट दाराबाहेरच राहायचं. मला राग यायचा. मी म्हणायची, नीट बोल, शब्द गिळू नकोस.”

“मग?”

“मग काय? आता किती महिने झाले, फिरकली नाही.” बाहेर कोणीतरी गवत कापत होते. तो आवाज दूर जाऊन परत आला. “पण मी इथं बसून विचार करते. दुसरं काय करायचं? लहान होती तेव्हा शाळा सुटल्यावर ती व्हरांड्यात माझी वाट बघायची. घरी आलो की माझ्यामागून काहीतरी सांगत यायची. मी वह्या तपासायला काढलेल्या असायच्या. मी तिला म्हणायची, काय ते चटकन सांग. रोज म्हणायची. चटकन सांग, योरून.” ओस्लाउगच्या बोटांनी पांघरुणावर काहीतरी ठोकले, जड, हलके, हलके. “तर ती चटकन सांगायला शिकली. मीच शिकवलं की. दुसऱ्यांच्या पोरांना मी दिवसभर सांगायची, सावकाश.”

योरूनच्या तोंडात शब्द जमले. इतके की कोणता आधी काढावा ते तिला कळेना. जोर कुठे द्यायचा, हेही. ती एवढेच म्हणाली, “ती... येईल.”

“येईल ना. तूही अशी घाबरल्यासारखी बोलू नकोस. वाच. धीर कुठवर आला होता?”

सप्टेंबरात एका दुपारी फेरीबोटीवरच्या टपरीतल्या मुलीने योरूनला मान वर न करता विचारले, “अजून काही?” त्यांच्या स्वतःच्या भाषेत. योरून कप हातात धरून तिथेच उभी राहिली. मागच्या माणसाने खाकरून तिला बाजूला व्हायला लावले. विग्दिसने कान देऊन ऐकले, पुन्हा बोलायला लावले आणि चष्मा काढून पुसला. “हे मी केलेलं नाही,” ती म्हणाली. “तू कुठं जातेस?” तोरगेयरचा फोन आला, पाच मिनिटे तो हवापाण्याचेच बोलत राहिला आणि शेवटी म्हणाला, “अगं, नोव्हेंबरपासून ये की माइकवर. अर्धा दिवस का होईना.”

“येते,” ती म्हणाली. “बुधवार सोडून.”

“बुधवारी काय असतं?”

“शाळा,” ती म्हणाली. तो हसला.

ऑक्टोबरात फेरीबोटीचे हिवाळी वेळापत्रक सुरू झाले आणि त्या बुधवारी ती पाऊण तास आधी पोचली. बाहेर गारा होत्या. टोपी झटकत ती खोलीत शिरली आणि काही न ठरवता बोलून गेली, “काय गारा पडताहेत बाहेर! छप्पर फुटतंय की काय.”

ओस्लाउगची मान ताठ झाली. चेहरा हळूहळू दाराकडे वळला, तिरपा.

“योरून,” ती म्हणाली.

योरूनच्या हातातली टोपी खाली पडली.

“आई.”

“आठ महिने.”

“मी आजारी होते.”

“असं म्हणत होते खरं. आजारी माणसाला फोन उचलता येत नाही?”

“इस्पितळात होते. नंतरही... बोलता येत नव्हतं, आई.” इस्पितळातल्या मुक्कामाला त्यांच्या भाषेत एकच लांब शब्द आहे. तो म्हणताना योरूनचा आवाज किंचित घसरला.

“तुला?” ओस्लाउग म्हणाली. “तुला बोलता येत नव्हतं?”

“हो.”

ओस्लाउगचा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला. थोडा पुढे आला. मग त्याने गुडघ्यावरचे पांघरूण वर ओढले.

“आता बरी आहेस ना?”

“आहे.”

“जेवतेस वेळेवर?”

“हो.”

गारा खिडकीवर आपटत राहिल्या. योरून खुर्चीच्या कडेला बसली. सांगायचे तर आत्ताच. सगळे शब्द तयार होते, ज्याचा जोर त्याच्या जागी होता.

“फेरी किती वाजताची तुझी?” ओस्लाउगने विचारले.

“वेळ आहे अजून. मी बसते.”

“नको, नीघ तू. तीन वाजता माझ्याकडे एक जण येते.”

“कोण?”

“रूना म्हणून आहे. शिकते माझ्याकडे. कुठून आली कोण जाणे, मी विचारलं नाही. विचारू नये. सगळे तेच विचारत असतील तिला. फार लाजते ती. तू इथं असलीस तर तोंड उघडायची नाही.”

योरूनने एक श्वास घेतला. “चांगली आहे का?”

ओस्लाउगने जरा विचार केला.

“बसते,” ती म्हणाली. “चुळबुळ करते, पण बसते.”

योरूनने टोपी उचलली. बाहेर येऊन दार ओढून घेतले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. सेलाम कपड्यांची गाडी ढकलत येत होती, ती थांबली.

“काय झालं?”

“ओळखलं तिनं.”

“अरे वा! मग रडतेस कशाला?”

“हाकलून दिलं.”

“का?”

“रूना यायची आहे म्हणून.” योरूनने नाक पुसले. “मला हाकललं. माझ्यासाठी.”

सेलामने तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलले. हसते आहे की काय, ते तिचे तिलाही कळले नसावे. मग तिने गाडीतून एक टॉवेल काढून योरूनच्या हातात दिला.

“सांगून टाक ना आता. आता ऐकेल ती.”

“ऐकेल.” योरूनने केस पुसले. “मग रूना कधीच येणार नाही.”

“आणि तुला येतं का अजून तसं बोलायला?”

योरूनने जाकीट काढून खुंटीला लावले, बूट काढले, कारण बुटांचा आवाज आईने आत्ताच ऐकला होता. मग मोज्यांवरच व्हरांड्यात येरझारा घालत राहिली. अर्धा तास एवढा लांब असतो हे तिला माहीत नव्हते. तीन वाजले, मग तीन वाजून चार मिनिटे झाली, तेव्हा तिने दारावर टकटक केले.

“रूना?”

“हो, बाई.” भार शेवटच्या अक्षरावर ढकलायला तिला जीव खावा लागला. डावा बूट उजव्या पायात घालावा तसे वाटले.

पण ओस्लाउगचा चेहरा पूर्ण वळला होता, आणि हात आधीच पांघरुणावर उताणा ठेवलेला होता.

“चार मिनिटं उशीर. बस.” तिने हात धरला. “गार पडली आहेस. पेपर राहू दे जरा. माझी मुलगी येऊन गेली.”

“हो?”

“मघाशी. खरंच आजारी होती म्हणे. बोलता येत नव्हतं. योरूनला!” तिने मान हलवली. “आणि मी काय बोलले असेन तिला? फेरी किती वाजताची, विचारलं. सुचेचना काही. चाळीस वर्षं मी लोकांना बोलायला शिकवलं, बघ.”

खुर्ची करकरली नाही.

“पण मी ऐकत होते,” ओस्लाउग म्हणाली. तिचा आवाज शाळेतला झाला, चूक सापडल्यावर व्हायचा तसा. “इस्पितळाचा तो लांब शब्द आहे ना, तो म्हणताना शेवटी तिचा जोर घसरला. अगदी तुझ्यासारखा. मला वाटतं, तिचं पुरतं गेलेलं नाही अजून. तिला कोणी सांगितलं नसेल. सगळे म्हणत असतील, छान, छान.”

“हं.”

“पुढच्या वेळी ती आली तर तिला थांबवून घेशील? मी सांगितलं की ती निघते. तू सांग. म्हणावं, तीन वाजता तूही बस. दोघींना एकदम घेईन. मला काय, दोरी एकच.” तिने योरूनचा हात हलवला. “घाबरू नकोस तिला. बोलायला फटकळ आहे, पण मनानं वाईट नाही. सांगशील ना?”

बाहेर गारा थांबल्या होत्या. छपरावरून पाणी गळत होते.

“सांगते,” योरून म्हणाली. जोर कुठे पडला, ते तिने पाहिले नाही.